नाल्यापलीकडची आक्का

१२ सप्टेंबर २०२५

आज पेपरात आक्काचा फोटो आला. तहसीलसमोरच्या मांडवात बसलेली, डोक्यावर पदर, मूठ वर. मथळा असा: पेरेवाडीला स्वतंत्र गावाचा दर्जा द्या, गोजरबाईंचे उपोषण सुरूच. खाली चौघांची नावं आणि मग 'आदी उपस्थित होते'. त्या 'आदी'मध्ये मी आहे. या मागणीचे अर्ज वर्षानुवर्षं कुणी लिहिले? स्मरणपत्रं कुणी पाठवली? तलाठ्यापासून आयुक्तापर्यंत प्रत्येक साहेबाचं हुद्द्यासकट नाव कुणाला पाठ आहे? आणि छापायची वेळ आली तेव्हा सोमेश्वर पेरे, निवृत्त मुख्याध्यापक, हा माणूस 'आदी' झाला.

शाळेनं निरोप समारंभात ही डायरी दिली होती, ती कोरीच पडली होती. आता लिहायला घेतो. उद्या गाव झाल्यावर ते कुणामुळे झालं याची खरी हकीकत कुठेतरी असायला हवी.

आमची वाडी धामणवेस ग्रामपंचायतीत आहे. म्हणजे मतं आमची आणि सरपंच त्यांचा. रेशन दुकान तिकडे, दवाखाना तिकडे, ग्रामसभा तिकडे. नळाच्या टाकीसाठी आम्हाला नऊ उन्हाळे रडावं लागलं. सरपंच रामप्रसाद माझा चुलतभाऊ आहे, त्यामुळे दुश्मनी बाहेर शोधायला जावं लागत नाही.

आक्का माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा बाबांनी तिला नाल्यापलीकडे दोन एकर काढून दिलं. तिथंच तिनं घर बांधलं. शेजारी वाटेकऱ्यांची चार घरं झाली. लोक त्याला आक्काचा मळा म्हणतात. त्यांची पोरं नाला ओलांडून आमच्या शाळेत येतात, पाणी आमच्या टाकीचं जातं. बाई आहे मोठी धीराची, ते नाकारत नाही. पण धीर वेगळा आणि कागद वेगळा.

१५ सप्टेंबर

उपोषण सुटलं. लिंबूपाणी पाजायला तहसीलमधले अव्वल कारकून केदार आले होते. जालन्यात वाढलेला तरुण माणूस, बोलणं स्वच्छ. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मावशी, तुमचा प्रस्ताव आम्ही वर पाठवतो. पण घाई करावी लागेल. देशाची जनगणना येतेय. त्याआधी राज्यानं आपल्या सगळ्या गावांच्या, तालुक्यांच्या, जिल्ह्यांच्या हद्दी केंद्राला कळवायच्या असतात. एकतीस डिसेंबरपर्यंत जो बदल जाहीर होऊन कळवला जाईल तेवढाच धरणार. त्यानंतर जनगणना होईपर्यंत हद्दी गोठल्या. मग बांधाएवढीही हलत नाहीत."

आक्कानं पेला खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजे औंदा न्हाई झालं तर?"

"मग थेट सत्तावीस सालानंतर."

आमच्या नाल्यावर साधी फरशी टाकायची म्हटली तर बांधकामवाले जिल्हा परिषदेकडे बोट दाखवतात आणि जिल्हा परिषद आकाशाकडे. पण शिव गोठवायची म्हटल्यावर तलाठी, तहसीलदार, कलेक्टर, आयुक्त, मुंबई आणि दिल्ली सगळे एका माळेत ओवल्यासारखे उभे राहतात. सरकारात एवढी एकी असते हे सरकारी नोकरीची छत्तीस वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हतं.

मांडवात केदार पुढच्या कागदांबद्दल आक्काशीच बोलत होते. तिला सही कशीबशी येते. शेवटी तीच म्हणाली, "ते सोमाला सांगा, कागदाचं समदं सोमा बघतो." असं म्हणाली, जसं काही मी तिचा गडी.

२८ सप्टेंबर

पावसानं नुसता उच्छाद मांडलाय. सोयाबीन शेतात कुजलं, कापसाची बोंडं काळी पडली. तलाठी पंचनामे करत चिखलात फिरतोय, त्यामुळे आमची फाइल पडून आहे. नाला तीन दिवस भरून वाहिला. आक्का पलीकडे अडकली होती. दैवशाला, माझी पत्नी, रोज काठावर जाऊन तिला हाक मारून यायची. दोघी नाल्याच्या दोन काठांवरून ओरडून बोलायच्या. भाजी काय केली, गाय व्याली का, असलं काहीही. मी म्हटलं, फोन आहे ना घरात. तर म्हणाली, "फोनवर माणूस दिसत न्हाई."

९ ऑक्टोबर

धामणवेसच्या ग्रामसभेत ठराव झाला. वाडी वेगळी करायला मूळ गावाची हरकत नाही, असा ठराव. रामप्रसाद एवढ्या सहज तयार होईल असं वाटलं नव्हतं. एकच अट घातली, म्हणाला, "कागद नंतर. आधी रीतीपरमानं शिव फिरू."

आमच्याकडे शिव आधी नारळावर ठरते आणि मग नकाशावर येते. दोन्हीकडची जाणती माणसं पायी फिरतात. जिथं दोघांच्या माना हलतात तिथं नारळ फोडायचा. फुटल्या नारळावरून मागे फिरायचं नाही, मग तो बाप असो की भाऊ. बायकांना शिवेवर नेत नाहीत, विधवेचा तर प्रश्नच येत नाही. रीत आहे. मी केलेली नाही.

परत येताना टेम्पोत पोरं ओरडत होती, "गोजराक्का पैली सरपंच!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर दैवशालाही तेच. "नव्या गावाला पैली सरपंच आक्काच शोभतेत. समदे बिनविरोध म्हणून राह्यलेत."

मी तिला म्हटलं, तू का नाही? सातवी पास आहेस, चारचौघांत बोलतेस, कागद बघायला घरात मी आहे.

ती हसली आणि म्हणाली, "म्हंजे सही माझी अन् गाव तुमचं."

बायकोशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? पण विचार तर करायला हवा. गाव चालवायचं म्हणजे उपोषणाला बसण्याइतकं सोपं नसतं. निधी, आराखडे, ग्रामसेवकाचे डावपेच. आक्काला कुणीही गुंडाळेल. मला तिची काळजी वाटते.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

शिव फिरलो. आमच्याकडून मी आणि तिघे, त्यांच्याकडून रामप्रसाद आणि तिघे. भूमी अभिलेखचा मोजणीदार बरोबर होता. उत्तरेची बाजू, डोंगराकडची बाजू सगळी सुरळीत झाली. पाच नारळ फुटले. प्रश्न आला तो नाल्यापाशी. आधी नाला, मग आक्काचा मळा, मग पाणंदीची गाडीवाट, आणि पाणंदीच्या पुढे धामणवेसची रानं.

रामप्रसाद पाणंदीवर उभा राहिला आणि म्हणाला, "बोला गुरुजी. पाणंद धरायची का नाला? पाणंद धरली तर आक्काचा मळा तुमच्यात, नाला धरला तर आमच्यात. मला बिलकुल फरक पडत न्हाई."

त्याचं फरक न पडणं मी लहानपणापासून ओळखतो. विटीदांडू खेळतानाही तो असंच म्हणायचा आणि डाव घेऊन जायचा. पाणंद धरली असती तर उद्या तिच्या दुरुस्तीचा खर्च आमच्या गळ्यात आला असता. हाच त्याचा डाव असणार. शिवाय मोजणीदारही म्हणाला की नाला ही नैसर्गिक हद्द, नकाशावर स्वच्छ दिसते. त्यानं पाणंदीबद्दलही चालेल असंच म्हटलं, पण नाला आधी म्हणाला.

मी नाला म्हणालो. आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "गुरुजी, आक्का पल्याड ऱ्हाते ना मंग." मी त्याला सांगितलं की पाच घरांसाठी अख्ख्या गावाचं काम अडवायचं का? पुढे शुद्धिपत्रक काढून घेऊ, ते माझं काम. नारळ मीच फोडला. पहिल्या फटक्यात फुटला.

दैवशालाला सांगितलं की रामप्रसादनं अडवणूक केली. थोडक्यात तसंच म्हणायला हवं. त्याला मळा खरंच द्यायचा असता तर तो स्वतःहून पाणंदीवर नारळ घेऊन उभा राहिला असता.

१८ ऑक्टोबर

आक्का सकाळीच आली, टोपल्यात अनारसे घेऊन. ओट्यावर बसली, माझ्या हातात एक अनारसा ठेवला आणि सरळ विचारलं, "सोमा, माझं घर कुठं धरलं रे?"

मी म्हटलं, "अगं तू वाडीचीच."

तिनं मान हलवली आणि आणखी एक अनारसा काढून दिला. तिला खोटं सांगितलं असं कुणी म्हणू नये. ती मनानं वाडीचीच आहे, असं मला म्हणायचं होतं. नकाशा समजावत बसलो असतो तर ऐन दिवाळीत रडारड झाली असती.

अनारसे उत्तम झाले होते.

१४ नोव्हेंबर

हरकती मागवणारी सूचना आली. चावडीवर आणि आमच्या मारुतीच्या पारावर चिकटवली. वाडीत पेपर वाचणारे पुष्कळ आहेत, पण सरकारी मराठी वाचायची म्हटली की सगळे माझ्याकडे बघतात. संध्याकाळी पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. पुढे गट नंबरांची रांगच होती. ते कोण ऐकतं? लोक जांभया द्यायला लागले, म्हणून मी थेट शेवटच्या परिच्छेदावर गेलो. कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

मी विचारलं, "आहे का कुणाची हरकत?"

सगळ्यांच्या आधी आक्काच ओरडली, "कशाची हरकत बाबा! जल्दी गाव करा." लोक हसले. बायकांनी तिच्या नावानं घोषणा दिली. मी सूचनेला पुन्हा नीट डिंक लावला, वाऱ्यानं कोपरा उडत होता.

२७ नोव्हेंबर

केदारांचा फोन आला. म्हणाले, "गुरुजी, नकाशा बघत होतो. ज्या मावशी उपोषणाला बसल्या होत्या त्यांचं घर तर मूळ गावात राहतंय. ही चूक आहे का?"

मी म्हटलं, नाला धरलाय, दोन्ही बाजूंची संमती आहे.

"संमती बदलता येईल. रामप्रसाद पेरेंशी बोललो, ते पाणंदीला तयार आहेत. तुम्ही फक्त एक पत्र द्या. दोन दिवसांचं काम आहे. फाइल मी स्वतः जालन्याला घेऊन जातो. सोमवारच्या आत द्या मात्र, नंतर माझ्या हातात राहणार नाही."

बघतो म्हणालो.

हा पोरगा रामप्रसादशी परस्पर बोलतोच कसा? आणि रामप्रसाद तयार आहे म्हणजे नक्की पाणी मुरतंय. सरकारी दोन दिवस म्हणजे काय ते मी चांगलं जाणतो. माझ्या वेतननिश्चितीतली एक चूक दुरुस्त व्हायला तीन वर्षं लागली होती. एक पत्र आत गेलं, कुणी शेरा मारला, फाइल परत खाली आली की एकतीस तारीख उलटली. मग सगळी वाडी सत्तावीस सालापर्यंत रामप्रसादच्या दारात. एका घरासाठी?

३० नोव्हेंबर

काल रात्री झोप लागली नाही. पत्र लिहायला घेतलं होतं. चार ओळींचं पत्र, त्यात विशेष काही नाही. मग विचार आला की पत्र दिलं तर लोक विचारणार, गुरुजींनी आधी नाला का धरला? आणि नारळ फुटलाय. फुटल्या नारळावरून मागे फिरलो तर धामणवेसची पोरं आयुष्यभर नावं ठेवतील. तिकडे पारावर काय हशा पिकेल ते आत्ताच ऐकू येतं. मी एकटा असतो तर ठीक, पण वाडीची अब्रू आहे.

उद्या सोमवार. वडीगोद्रीला दैवशालाच्या भाच्याचा साखरपुडा आहे. जाणं भाग आहे. जवळचं नातं.

१ डिसेंबर

साखरपुड्याला जाऊन आलो. जेवण चांगलं होतं. मुलाला टोपी घालण्याचा मान मला मिळाला. दैवशाला येताना जीपमध्ये म्हणाली, "तुमाला तर असल्या कार्यक्रमाला जायचा कंटाळा, आज मोठ्या हौसेनं आले." मी म्हटलं, नातीगोती जपावी लागतात.

२६ डिसेंबर

झालं! अधिसूचना निघाली. पेरेवाडी हे स्वतंत्र गाव, आणि ग्रामपंचायतही वेगळी. निवडणूक होईपर्यंत प्रशासक. दुपारपासून गुलाल, हलगी, पोरांनी तीर्थपुरीहून डीजे आणला. मला हार घातला. आक्काला दोन पोरांनी खुर्चीसकट उचलली. ती वरून ओरडत होती, "अरे पाडताल मला, उतरवा!" आणि हसत होती. तोंडभर गुलाल.

मिरवणूक मारुतीपासून नाल्यापर्यंत गेली आणि तिथून वळली. आक्का म्हणाली, "आरं माझ्या घरालोक तर चला, पेढे आणून ठिवलेत." पोरं पलीकडे गेली, पेढे खाऊन आली. मी अलीकडेच थांबलो. गुडघा दुखत होता.

३१ डिसेंबर

केदारांकडून कळलं, जिल्ह्याची यादी वर गेली. राज्यानं केंद्राला हद्दी कळवल्या. उद्यापासून सगळं गोठलं. फोनवर त्यांचा आवाज तुटक होता. तुमचं पत्र आलंच नाही, एवढं म्हणाले. मी नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या.

२६ जानेवारी २०२६

लिहवत नाही, तरी लिहितो.

वाडीची पहिली ग्रामसभा होती. झेंडा झाला, शाळेत सतरंज्या टाकल्या. आक्का नवं लुगडं नेसून पहिल्या ओळीत. बायकांनी तिच्यासाठी जागा धरली होती. ग्रामसेवक नवा आहे, कुणाला ओळखत नाही. हजेरी घेताना एकेकाचं नाव आणि घर बघत होता. आक्कापाशी आला आणि थांबला.

"मावशी, तुमचं घर या गावात येत नाही. तुम्ही धामणवेसच्या. तिकडच्या ग्रामसभेला जायचं."

लोकांना वाटलं चेष्टा करतोय. आक्काही हसली. म्हणाली, "बाबा, हे गाव म्या मागून आणलंय."

तो म्हणाला, "असेल. पण हद्द नाल्यापर्यंत आहे. इथं बसलात तर चालेल, पण हात वर करता येणार नाही."

सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. मी उभा राहून सांगितलं की तांत्रिक बाब आहे, जनगणना झाली की शुद्धिपत्रक निघेल, मी स्वतः पाठपुरावा करीन. आक्कानं विचारलं, "कवा व्हायची ती?" सत्तावीस सालानंतर, म्हणालो.

"म्हंजे सरपंच कुणी बी झालं तरी म्या न्हाई."

मी म्हटलं, "आक्का, सरपंचपदासाठी का आपण हे केलं?"

हे बरोबर बोललो असं मला वाटतं. पण कुणी मान हलवली नाही. आक्का उठली. उठताना हात टेकवावा लागला, दैवशालानं तिला धरलं. दारात जाऊन ती वळली आणि मला म्हणाली, "सोमा, म्या तुला इचारलं व्हतं रे. अनारसे खात व्हतास तू."

मग ग्रामसभा पुढे चालली. पहिला ठराव अभिनंदनाचा होता. सूचक म्हणून माझं नाव आहे.

२८ जानेवारी

रामप्रसाद दुपारी घरी आला. इतक्या वर्षांत कधी उंबरा चढला नव्हता. दैवशालानं पाणी दिलं. तो म्हणाला, "गुरुजी, आक्का काल माझ्या दारात आल्ती. माझ्या गावची झाली म्हणून रहिवासी दाखला मागाया. ज्या बाईनं माझ्या नावानं मांडवात शंख केला, ती माझ्या ओट्यावर पदर पसरून उभी. मला गोड वाटायला पायजे व्हतं. न्हाई वाटलं."

मी म्हटलं, तुझ्याच अडवणुकीमुळे झालं.

तो दैवशालाकडे वळून म्हणाला, "वैनी, म्या पाणंदीवर उभा व्हतो. पाणंद धरा का नाला, इचारलं व्हतं. चार माणसं साक्षीला हायेत. केदारसाहेबांचा फोन आल्ता तवा बी म्या हो म्हणलो. पाच घरं घेऊन मी काय लोणचं घालू? यांनीच नाला धरला."

पाणी न पिताच गेला. दैवशाला खांबाला टेकून उभी होती.

"फोन कवा आल्ता केदारचा?"

मी सांगितलं, नोव्हेंबरात.

"कवालोक पत्र द्यायचं व्हतं?"

सोमवारपर्यंत, म्हणालो. तिनं बोटं मोजली नाहीत, काही नाही. तिला लगेच कळलं. "वडीगोद्रीला घेऊन गेल्ते मला," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी तिला बाहेरूनच सगळं समजावलं. पाणंदीचा खर्च, नैसर्गिक हद्द, नारळ, फाइल अडकण्याचा धोका. एकेक मुद्दा क्रमानं मांडला. ती आत गहू निवडत राहिली. शाळेत शेवटच्या बाकावरची पोरं अशीच बसायची, कळलं की नाही याचा पत्ता लागायचा नाही.

२० फेब्रुवारी

मळ्याकडे जाणारी नळाची पाइप फुटली. ग्रामसेवक म्हणाला, हद्दीबाहेरच्या कामावर मला खर्च टाकता येत नाही, लेखापरीक्षणात अडकेन. धामणवेसवाले म्हणतात, टाकी तुमची आणि पाइपही तुमची. दोघंही नियमानं बरोबर आहेत. मी तहसीलला गेलो. केदारांनी खुर्ची दिली नाही, मला उभंच ठेवून ऐकलं.

"गुरुजी, आता मंत्रालयसुद्धा ही हद्द हलवू शकत नाही. राज्यानं केंद्राला शब्द दिलाय. मी त्या मावशींना काय सांगू, तुम्हीच सांगा."

दैवशाला रोज दोन घागरी घेऊन नाला ओलांडते. या वयात. मी म्हटलं, गडी लावू. म्हणाली, "नगं."

पोरांनी पैसे गोळा करून पाइप बसवायचं ठरवलंय म्हणे. माझ्याकडे कुणी आलं नाही. वाडीतल्या प्रत्येक वर्गणीची सुरुवात माझ्यापासून होते. आजवर झालेली आहे.

१० एप्रिल

चावडीत कुजबुज आहे की पहिलं सरपंचपद बाईला सुटेल. मी विषय काढला. दैवशालाला म्हटलं, झालं ते झालं, पण गाव पोरकं ठेवून कसं चालेल? तू उभी राहा. आक्काचं मार्गदर्शन घेऊ, तिचा फोटो ग्रामपंचायतीत लावू. मी तर म्हणतो, नाल्यावरच्या फरशीला तिचं नाव देऊ.

तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. तवा उतरवला. मग म्हणाली, "आक्काच्या गुडघ्याला सूज आलीय. रातच्याला उठता येत न्हाई त्यांना. मी चार दिस तिकडं ऱ्हाते."

मी म्हटलं, राहा ना. बहीण माझीच आहे.

७ मे

चार दिवस कधीच सरले. दैवशाला अजून मळ्यावर आहे. मध्ये येऊन पातळं घेऊन गेली, मग शिलाई मशीन नेली. गड्याच्या डोक्यावर मशीन, मागून ही. सगळी वाडी बघत होती. मी ओट्यावर बसून पेपर वाचत होतो. कुणी विचारलंच तर सांगतो, आक्काचं दुखणं मोठं आहे. लोक हो म्हणतात आणि नाल्याकडे बघतात.

स्वयंपाकाचं तसं अवघड नाही. खिचडी येते मला.

२० मे

जनगणनेची घरगणती सुरू झालीय. आमच्याकडे स्वरा नावाची शिक्षिका आलीय, जालन्याकडची तरुण मुलगी, हातात मोबाइल. मी स्वतः शिक्षक, या कामाला पूर्वी दोनदा गेलेलो. तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, बाई, या गावाची शिव ज्यानं आखली त्याच्याच घरी बसला आहात. ती छान हसली. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खोल्या किती, पिण्याचं पाणी, शौचालय, टीव्ही, गाडी. कुटुंबप्रमुख कोण? मी. नाव सांगितलं, हुद्द्यासकट. हुद्द्याची जागा नव्हती.

"घरात नेहमी राहणारी माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो.

नेमकी त्याच वेळी दैवशाला आली. पाटा-वरवंटा न्यायला आली होती, बरोबर मळ्यावरचे दोघे जण. तिनं ऐकलं. पदर खोचला आणि उंबऱ्याबाहेरूनच स्वराला म्हणाली, "बाई, एक लिव्हा. मी हितं ऱ्हात न्हाई. मी नाल्याच्या पल्याड ऱ्हाते, धामणवेसच्या हद्दीत. परवा तिकडचे मास्तर आल्ते, आमची गिनती झालीय. आक्का अन् मी."

मी हसून म्हटलं, "तात्पुरतं आहे ते. आजारपणासाठी." मग तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "अगं वेडी आहेस का? तिकडचीच झालीस तर इकडचं मत जाईल. सरपंच कशी होशील?"

ती हळू बोलली नाही. "तुमाला तुमच्या गावात आडवं कोणीच नको व्हतं ना? आता न्हाई कोणी. चालवा."

पाटा जड होता, दोघांनी मिळून उचलला. ती पुढे चालत गेली. मी नाल्यापर्यंत तिला जाताना बघितलं. ती नाल्यात उतरली, पलीकडे चढली. पलीकडे आक्का काठीवर रेलून उभी होती, तिनं हात पुढे केला.

स्वरा मोबाइल धरून थांबली होती. म्हणाली, "सर, मला पुढं जायचंय. मग एकच लिहू का?"

शिक्षकाची नोकरी केलेली, खोटी नोंद मी कधी केली नाही आणि करू दिली नाही. लिहा म्हणालो. तिनं एक लिहिलं आणि शेजारच्या दारात गेली. कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव तिनं वर आधीच घातलेलं होतं.